येतो

पहाटे शेजारच्या गोठ्यात म्हशी धुतात,
त्या पाण्याच्या आवाजानं मी उठतो.
चहा पितो. डबा भरतो. भाकरी, झुणका, तळाला एक मिरची.
देवापुढं दिवा लावतो, वात धड वळलेली नसली तरी लावतो,
आणि उद्यमनगरात फौंड्रीत जातो.

आमच्या खात्यात कोअर होतात.
समजा, पंपाचं पोट करायचं आहे.
बाहेरचा आकार साच्यात असतो, तो कुणालाही दिसतो.
आत जिथं लोखंड जाऊ नये
तिथं माझी वाळू बसते.
वाळूत तेल, थोडी काकवी. ठोकायची, भट्टीत भाजायची.
मग तिच्याभोवती तांबडं लोखंड ओततात
आणि गार झाल्यावर हातोडा घालून
माझी वाळू फोडून झाडून टाकतात.
राहतं काय? भोक.
सत्तावीस वर्षं मी भोकाचा पगार घेतो.

हे मी पोतनीसआण्णांना सांगितलं.
उत्तरेश्वर पेठेत गुरुवारी ते पोथी सांगतात.
त्या दिवशी विषय होता, देह म्हणजे मी नव्हे.
आण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, "पुढच्या गुरुवारी तुम्ही सांगा, मी ऐकतो."
मी कसलं सांगतोय!

पण ऐकलेलं कामाला लावून बघावं, असं वाटायला लागलं.
नवा कुकर आणून कोण फडताळात ठेवतं?

परवा चौगुले सगळ्यांसमोर बोलला.
चाळीस नग रिजेक्ट, कोअर कच्चे. वय झालं, आता घरी बसा.
कोअर माझे नव्हते.
नव्या पोरीचे होते, भट्टीतनं लवकर काढलेले.
ती फरशीकडं बघत होती.
मी गप्प बसलो. ते ज्ञान नव्हे, घसा दाटला होता.

केएमटीत बसलो आणि आण्णांचं वाक्य काढलं.
राग आला की त्याच्याकडं बघा, जे दिसतं ते तुम्ही नव्हे.
बघितलं.
शेजारच्या सीटवरच बसला होता,
तालमीतल्या पैलवानासारखा ऐसपैस,
माझ्या पिशवीवर कोपर टेकून.
पार्वती टॉकीजला होता. बिंदू चौकात होता.
शिवाजी चौकात बघतो तर अर्धा.
गंगावेशीत मी उतरलो,
तो उतरला का पुढं गेला, ध्यानात नाही.
घरी परत आला, हे पण खरं सांगतो.
भांडी जरा आपटली.

दुसऱ्या दिवशी पोरीला भट्टीजवळ नेलं.
रंग दाखवला. बदामी म्हणजे झालं, पिवळा म्हणजे थांब.
ती रडायला लागली.
म्हटलं, वाळूवर नको रडू, ओल धरते.
चौगुलेला सांगितलं, ते कोअर माझे नव्हते,
आणि आता तसे होणार नाहीत. बास.
आवाज चढला नाही, ह्याचं मलाच नवल.

रविवारी पुण्याची भाची आली आणि हसत सुटली.
"मावशी, तू बाईमाणूस, आणि मी जातो, मी खातो काय म्हणतेस?"
आमच्याकडं सगळ्याच म्हणतात की.
आई म्हणायची. कट्ट्यावर समोर धार काढून
दूध नेणाऱ्या सगळ्या बायका म्हणतात.
रात्री भांडी घासताना आण्णांचं आठवलं,
आत जो आहे तो बाई नाही, बुवा नाही.
हात साबणात तसेच राहिले.
चार गुरुवार मांडी घालून जे कळायचं
ते आम्ही लहानपणापासून बोलतोय
आणि व्याकरणात मार्क घालवतोय.

आता सगळं कळलं, असं नव्हे.
सोमवारी गॅस संपला आणि माझी चिडचिड झालीच.
भाची झोपली होती. पायात चपला सरकवल्या.
जातो म्हणू नये, येतो म्हणावं, ही आईची शिकवण.
कडी ओढताना हळूच म्हटलं, येतो.
कोण कुणाला म्हणालं, ते बघायला थांबलो नाही,
बस लागली होती.